न घेतलेला घोट

माती तुडवताना पायांना आधी गार लागतं, मग जड लागतं, आणि मग काही लागेनासं होतं. कलिपा सकाळपासून खड्ड्यात उभी होती. झग्याचा घोळ कमरेला खोचलेला, डोक्याचा रुमाल कपाळावर ओढलेला. पिवळी माती, बारीक कापलेलं गव्हाचं काड, घोड्याची लीद, आणि पाणी बेताचं. इतकं बेताचं की गारा चिकट व्हायच्या ऐवजी टाचेखाली कुरकुरत होता. असला गारा भिंतीला लावला की वाळल्यावर पापडासारखा सुटतो. पण मागायचं कुणाकडे? तळ्याचं पाणी आधी बियाण्याच्या वाफ्यांना, मग माणसांना, मग जनावरांना आणि शेवटी मातीला, असं वस्तीवर ठरलेलं होतं.

समोर तिचं घर उभं होतं. घर कसलं, अजून नुसत्या चार भिंती. काडाचे गठ्ठे एकावर एक रचून, मधून बांबूएवढ्या जाड फांद्या ठोकून साऱ्या वस्तीनं इर्जिक करून त्या उभ्या केल्या होत्या. बाहेरून दोन बाजू लिंपून झालेल्या, आतलं सगळं बाकी. वर आभाळ. छपराची लाकडं पलीकडे सोलून ठेवलेली होती. शनिवारी बैठक झाली की रविवारी चढवायची, असं बोलणं होतं.

गेल्या वर्षीच्या वसंतात डोंगरावरून चिखलाचा लोंढा आला आणि खालच्या गावातलं तिचं घर, गोठा, जर्दाळूची झाडं घेऊन गेला. सून उल्जान तेव्हा चुलीपाशी होती. ती छपराच्या आढ्याला धरून राहिली, म्हणून वाचली. त्याच दिवशी कलिपानं नवस बोलला होता: या पोरीच्या मांडीवर लेकरू येईपर्यंत दर सोमवारी आणि गुरुवारी रोजा धरीन. आता पोरीला दिवस गेले होते. पहिल्या बर्फाच्या सुमारास मोकळी होईल असा अंदाज होता. मुलगा वरच्या कुरणात लोकांची मेंढरं घेऊन गेलेला, तो शरदात उतरायचा. तोवर तिघं मेंढपाळांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात राहत होती. दुपारी त्या डब्यात भाकरी भाजून निघावी आणि पहाटे दात वाजावेत, असा तो डबा.

तिचा नवरा तोक्तोसुन दोन बादल्या दोन्ही हातांत घेऊन, दुखऱ्या गुडघ्यावर डुलत आला. वस्तीवर पाण्याचे संडास नव्हते. भुसा टाकायचा, राख टाकायची, बादली भरली की खड्ड्यात रिचवायची आणि वर्षानं शेतात घालायची. हे काम नव्यानं आलेल्या कुटुंबाकडे असे.

"उमेदीत ट्रॅक्टर हाकला मी," तो बादल्या खाली ठेवत म्हणाला. "तो उतरलो तो थेट इथं. खाली गावात मला काय म्हणतात ठाऊक आहे? सोनखताचा खान."

"खान तर म्हणतात ना."

"हस. तुझा भाऊच म्हणतो आधी. तो बघ आला."

कासिमअली चारीच्या कडेनं येत होता. खांद्यावर फावडं, पायात गुडघाभर रबरी बूट. गावाचा पाटकरी तो. पण बूट आज धुळीनं माखलेले होते.

"एजे, माती तुडवतेस की नाचतेस?" एजे म्हणजे ताई; वस्तीवरही तिला सगळे तसंच म्हणत.

"नाचायला पाणी लागतं रे. सुक्यात कोण नाचतं?"

"तुमच्याकडेही पाणी नाही?" त्यानं फावडं जमिनीत रोवलं. "मग आमचं गेलं कुठं?"

तोक्तोसुननं बादल्या उचलल्या आणि खड्ड्याकडे निघून गेला.

झरा वस्तीच्या वर डोंगरात होता. पाणी आधी वस्तीच्या तळ्याशी यायचं, तिथं एक फळी होती. एक दिवस फळी खाली, पाणी तळ्यात; एक दिवस फळी वर, पाणी गावाला. आठ वर्षं हे असंच चाललं होतं. पण यंदा डोंगरावर बर्फच पडलं नाही. सोमवारी वस्तीवाल्यांनी फळी खाली केली आणि ती खालीच राहिली.

"चारीत बेडूकसुद्धा उरला नाही," कासिमअली म्हणाला. "घासाची दुसरी कापणी जळाली ती जळाली. बटाटा आता गाठी धरतोय. आत्ता दारं धरली नाहीत तर हिवाळ्यात काय, पाला उकडून खाऊ? माझ्या दारात म्हातारे येऊन बसतात. म्हणतात, तुझी बहीणच वर बसलीय की."

"शनिवारी बैठक आहे."

"तुला आता बैठकीत बसायला मिळतं म्हणे."

"हो. या खेपेपासून."

"मग बोल की तिथं."

"तिथं बोलणं आधी होतं, ठरवताना वाडगा फिरतो. झऱ्याचं पाणी असतं त्यात. ज्याला पटलं तो घोट घेतो. ज्याला नाही पटलं तो तसाच पुढे देतो. एकानं जरी नाही घेतला तरी ते काम होत नाही."

कासिमअली तिच्याकडे बघत राहिला. "एकानं जरी?"

कलिपा माती तुडवू लागली. त्यानं पुढचं विचारलं नाही, आणि तिनं सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही नव्हतंच. तिचं ठरलेलं होतं. शनिवारी रोजा नाही. वाडगा येईल, ती बिस्मिल्ला म्हणून घोट घेईल, आणि रविवारी छप्पर चढेल. खालच्या गावात जन्म गेला होता, हे खरं. पण त्या गावानं लोंढ्यानंतर तिला एक चादर आणि चार दिवसांची भाकरी दिली होती. जमीन दिली ती या लोकांनी. आणि तीही वर्षभराच्या परीक्षेवर; शरदात बैठकीचं वर्तुळ ठरवणार, यांना ठेवायचं की नाही.

भाऊ गेला. फावड्याची खूण तेवढी धुळीत राहिली.

*

दुपारच्या नमाजानंतर लोखंडी रुळाचा तुकडा वाजला. ठण, ठण, ठण. बैठकीची खूण. गुरुवारी बैठक कधी नसे. कलिपा तशीच निघाली. पोटऱ्यांवर माती वाळून तडकली होती, चालताना तिचे तुकडे पडत होते.

अक्रोडाखाली सगळे गोल करून बसले होते. वीसेक माणसं. बहुतेक शहरातून आलेली. कुणी नोकरी सोडून, कुणी नवरा सोडून. मध्ये जानिल. हिनंच ही वस्ती वसवली. शहरातलं राहतं घर विकून तिनं ही खारी, पांढरी जमीन घेतली तेव्हा गावातली पोरं हसली होती. आठ वर्षं तिनं पाला कुजवून, बादल्या वाहून, घास गाडून ती काळी केली होती. तिच्या हाताची नखं आता कलिपाच्या नखांसारखीच होती.

"शनिवारपर्यंत थांबता येत नाही," जानिल म्हणाली. तिचा आवाज कधी चढत नसे. "मात्वेइ बाइके, सांगा."

मात्वेइ बाइके, म्हणजे मात्वेइदादा, हा मधमाश्यांवाला म्हातारा रशियन. तळं त्यानंच बांधलेलं. दाढी खाजवत तो म्हणाला, "तळं गुडघ्याला आलंय. आणि खालची मंडळी उद्या फावडी घेऊन येणार, असं कानावर आलं. आज ठरवून टाकू म्हणजे उद्या त्यांना एका तोंडानं सांगता येईल. बटाटे निघेपर्यंत फळी खाली. रात्रीचा झिरपा जाईल तो त्यांचा."

"झिरप्यावर गाव जगेल का?" कुणी तरी विचारलं.

"आणि आपलं बी मेलं तर?" जानिल म्हणाली. "हा गहू, हा वाटाणा आता दुसरीकडे कुठं पेरत नाहीत. एक हंगाम चुकला तर परत मिळणार नाही. मला आनंद होतोय का यात? नाही होत. पण मला दुसरं दिसत नाही."

कुणाला दुसरं दिसलं नाही. तिनं वाडगा भरला. अक्रोडाच्या गाठीचा कोरलेला, काळा पडलेला तो वाडगा. वाडगा फिरायला लागला की तो परत मध्ये येईपर्यंत कुणी बोलायचं नाही, असा तिथला दंडक.

कलिपा पोटरीवरची माती खरवडत बसली होती. छपराच्या लाकडांत एक वाकडं आहे, ते मधोमध घालू नका असं मात्वेइला सांगायला हवं, हे तिच्या डोक्यात घोळत होतं. उल्जानसाठी खिडकी पूर्वेला ठेवली ते बरं झालं. घोट, घोट, घोट. वाडगा सरकत होता. शेजारी बसलेल्या तोक्तोसुननं घोट घेतला, मिशा पुसल्या आणि वाडगा तिच्या हातात दिला.

तिनं तो ओठांपर्यंत नेला. गार लाकूड ओठाला लागलं आणि तिचा हात जागीच थांबला.

आज गुरुवार.

तहान इतकी अंगवळणी पडलेली असते की माणूस रोजा विसरतो. रोजा माणसाला विसरत नाही. पाणी तिच्या वरच्या ओठापासून चार बोटांवर हलत होतं. त्यात अक्रोडाची पानं दिसत होती. काय करावं? बोलता येत नव्हतं. सगळे बघत होते. तिनं वाडगा खाली घेतला, दोन्ही हातांनी पलीकडच्या बाईला दिला आणि मान खाली घातली.

पलीकडची बाई वाडगा धरून तशीच बसली. मग तिनं घोट घेतला. वाडगा पुढे गेला, फिरून जानिलपाशी आला.

"नकार आहे," जानिल म्हणाली.

"गावचं माणूस आत घेतलं की हेच व्हायचं," मागून एक तरणा आवाज आला. "सकाळी भाऊ येऊन गेला. मी पाहिलं."

तोक्तोसुन उठला. दुखरा गुडघा विसरून एकदम उठला आणि कळवळला. "अरे, नकार कसला! रोजा आहे तिचा! सोमवार-गुरुवार पाण्याचा थेंब घेत नाही ती. तुम्ही शनिवार सांगितलात आणि गुरुवारी बसवलंत, त्याला ती काय करणार?"

मग मात्वेइ हसला. मग सगळेच हसले. हायसं वाटलेलं हसू.

"एजे, तुझ्या अल्लानं आमचा जीव घशाशी आणला की!" मात्वेइ म्हणाला.

जानिलनं कलिपाच्या खांद्यावर हात ठेवला. "चूक आमची. मला लक्षात ठेवायला हवं होतं. सूर्य मावळला की परत बसू. तेवढ्यासाठी घाई नको. आधी रोजा सोडा, मग या."

कलिपानं मान हलवली. सगळे मायेनं बोलत होते. तिला मात्र घाम फुटला होता.

*

ती परत खड्ड्यात उतरली, पण पाय लागेनात. चार वेळा तुडवलं की थांबायची. मात्वेइ दोरी घेऊन आला, भिंतीवर चढून मापं घेऊ लागला. "रविवारी कशाला, शनिवारीच चढवू," तो वरून म्हणाला. "वाकडं लाकूड कुठलं म्हणतेस? ते? ते मागच्या बाजूला घालू. तुझ्या सुनेच्या डोक्यावर नको." ती वस्तीवर आल्यापासून तो तिच्याशी इतकं कधी बोलला नव्हता.

उल्जान भिंतीच्या सावलीत काड कापत बसली होती. पोटावर हात ठेवून तिनं पाय लांब केले. घोटे सुजले होते, चपलेचे पट्टे आत रुतले होते.

"आई," ती मात्वेइ गेल्यावर हळू म्हणाली, "मला त्या डब्यात बाळंत व्हायचं नाही."

"नाही व्हायचं," कलिपा म्हणाली.

"तुम्ही घोट घ्याल ना?"

"घेईन की. घेणारच होते."

हेच तर तिला कुरतडत होतं. घेणारच होते. रोजा नसता तर तिनं तो घोट घेऊन मिशा पुसल्यासारखं तोंड पुसलं असतं, आणि वाकड्या लाकडाचा विचार करत बसली असती. नकार तिचा नव्हताच. त्या वाडग्यात काय आहे ते तिनं पाहिलंही नसतं. ओठाशी आणून थांबावं लागलं, म्हणून पाहिलं.

पुढच्या नमाजाची वेळ झाली. वजूसाठी तिच्याकडे तपेलीभर पाणी होतं. हात, तोंड, कोपरापर्यंत हात, डोकं, पाय; एवढ्या पाण्यात ते सगळं बसवायची तिला सवय झाली होती. आज तपेली हातात घेऊन ती तळ्याच्या बाजूनं गेली, आणि फळी ओलांडून चारीच्या कडेनं खाली चालत राहिली. कशाला, ते तिलाही सांगता आलं नसतं.

फळीच्या अलीकडे पाणी होतं, डास होते, गवत हिरवं होतं. पलीकडे चारीचा तळ फाटला होता. फुटलेल्या ताटलीसारखे मातीचे तुकडे वर वळले होते. थोडं खाली, वळणावर जिथं खोल खळगा आहे, तिथं कासिमअलीची बायको वाकून बसली होती. पळीनं गढूळ पाणी बादलीत भरत होती. पळी चिखलाला टेकायची, ती थांबायची, गाळ बसू द्यायची, पुन्हा भरायची. वासरू दावणीला नसून तिच्याच पाठीशी उभं होतं आणि बादलीत तोंड घालायला बघत होतं. ती कोपरानं त्याला ढकलत होती.

"वन्सं!" ती दचकून उठली. चिखलाचे हात तिनं झग्याला पुसले, जणू चोरी पकडली गेली. "वासराला गं. माणसांचं पाणी आम्ही नदीवरून आणतो, गाढवावर."

"नदी तर पार त्या अंगाला."

"सकाळी गेलं की दुपारी येतं माणूस. चालायचंच." ती हसली. पुढचा दात पडला होता. हा दात गेल्या वर्षी होता. "आज गुरुवार ना? रोजा तुमचा. घरी चला म्हटलं असतं, पण चहा ठेवायला..." तिनं झग्याचा खिसा चाचपला, दोन सुकलेले जर्दाळू काढले, फुंकर मारली. "यावर सोडा. तुमच्याच झाडाचे. लोंढ्याच्या आधीचे, मी वाळवून ठेवलेले."

कलिपानं ते घेतले. फळीबद्दल भावजय एक शब्द बोलली नाही. बोलली असती, चार शिव्या दिल्या असत्या, तर किती बरं झालं असतं!

तिथंच, चारीच्या काठावर, कलिपानं वजू केला. तोंड धुतलेलं पाणी तळहातातून फाटक्या मातीवर सांडलं. माती ते अशी प्याली की डागही राहिला नाही. वासरू पाणी सांडलं होतं तिथं येऊन चाटू लागलं. तिनं नमाज पढला. पढताना मन कधी इतकं इकडेतिकडे गेलं नव्हतं. दोनदा चुकली, दोनदा परत सुरुवात केली.

*

डब्याशी तोक्तोसुन वाट बघत होता. त्यानं तिचा चेहरा पाहिला आणि बादली खाली ठेवली.

"कुठं गेली होतीस?"

"खाली."

"कलिपा." तो कधी नाव घेत नसे. "ऐक. मी या वयात लोकांची घाण वाहतो ती काय हौस म्हणून? एक घोट. पाणीच आहे ते, विष नाही. घे आणि मोकळी हो. खाली गावाला देव आहे."

"आपल्याला नाही?"

"आपल्याला छप्पर हवंय!"

सूर्य डोंगराच्या दातावर टेकला होता. तिनं एक जर्दाळू त्याच्या हातात ठेवला. त्यानं तो ओळखला. अंगठ्यानं चोळत राहिला, पण खाल्ला नाही.

अक्रोडाखाली सगळे जमले तेव्हा आभाळ तांबूस होतं. कुणी तरी कंदील आणून ठेवला होता, अजून लावला नव्हता. कलिपानं ओठांत प्रार्थना पुटपुटून दुसरा जर्दाळू तोंडात टाकला. आंबट-गोड, धुळीची चव. कोरड्या तोंडात तो विरघळेना, चघळत राहिली. रोजा सुटला. पाणी अजून प्याली नव्हती.

"सुटला?" जानिलनं विचारलं.

"सुटला."

"मग सुरू करू या."

वाडगा फिरला. या खेपेला लोक पटापट घोट घेत होते. झालेलं काम पुन्हा करावं तसं. तोक्तोसुनपर्यंत आला. त्यानं तो जरा जास्त वेळ धरला. मग प्याला, बायकोकडे न बघता, आणि पुढे केला.

पाणी गार होतं. लाकडातून गारवा तळव्यांना कळत होता. पहाटेपासूनची तहान तिच्या जिभेवर, टाळ्यावर, कानांच्या मागेसुद्धा जागी झाली. जर्दाळूचा चोथा गालात तसाच होता. वर्तुळाच्या बाहेर जवळच्या घराच्या भिंतीला टेकून उल्जान उभी होती. गरोदर बाई उभी का राहिली, तिला बसायला का कुणी दिलं नाही, असा वेडा विचार कलिपाच्या मनात आला. पोरगी बघत होती.

कलिपानं वाडगा ओठांना लावला नाही. दोन्ही हातांनी पलीकडच्या बाईला दिला.

दंडक होता म्हणून कुणी बोललं नाही. वाडगा पुढे जाईपर्यंतचा तो वेळ फार लांबला. मागचा तरणा पोरगा मोठ्यानं श्वास सोडून उठला आणि निघून गेला. मात्वेइनं आपली दोरी गुंडाळायला घेतली. गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

वाडगा जानिलपाशी आला. तिनं तो मांडीवर ठेवला.

"एजे, रोजा तर सुटला होता."

"हो, सुटला होता."

"मग?"

कलिपाला वासराबद्दल सांगायचं होतं, पळीबद्दल, पडलेल्या दाताबद्दल. शब्द तोंडात आले आणि जर्दाळूच्या चोथ्यासारखे अडकले. "दुपारी नकार माझा नव्हता," ती शेवटी म्हणाली. "आता माझा आहे."

जानिलनं वाडग्यात पाहिलं. तिचा चेहरा एकाएकी थकलेला दिसला. आठ वर्षांचं काम, बी, वाफे, सगळं त्या पाण्यात तरंगत असावं तसं. मग तिनं वाडगा अक्रोडाच्या मुळाशी रिता केला.

"नकार आहे," ती म्हणाली. "म्हणजे जुनंच चालेल. एक दिवस वर, एक दिवस खाली. चार दिवस आपण घेतलेत, तर आजपासून चार दिवस त्यांचे." कुणी कुरकुरलं. "काय? दंडक माझ्यासाठी नाही का? मीच घातलाय तो." ती उठून फळीकडे निघाली.

कलिपा तिच्या मागोमाग गेली. का गेली? तिला बोलावलं कुणी नव्हतं. अंधारून येत होतं. फळी पाण्यात फुगून खाचेत घट्ट बसली होती. जानिलनं एका टोकाला धरून ओढली, हलली नाही. पुन्हा ओढली. मग तिकडे न बघताच म्हणाली, "धरा. एकीनं निघत नाही ही."

दोघींनी धरली. खांद्याला खांदा लागला. फळी कण्हली, इंचभर सरकली, आणि एकदम सुटली. दोघीही मागे चिखलात बसल्या. पाणी फाटक्या चारीत शिरलं. आधी त्याचा आवाज आला नाही, नुसतीच माती चुरचुरली.

"छपराचं?" कलिपानं विचारलं.

"छपराचं मला विचारू नका," जानिल म्हणाली. ती उठली, हात झटकले. "ते शरदात वर्तुळ ठरवील. आणि एजे, मला आत्ता तुमचा राग आलाय. उद्या येईल की नाही माहीत नाही. आज आलाय."

"येऊ दे," कलिपा म्हणाली.

जानिल गेली. कलिपा काठावर ओणवी झाली, चारीतल्या वाहत्या पाण्यात ओंजळ घातली. गढूळ होतं, काड्या होत्या. बिस्मिल्ला म्हणून ती प्याली. पुन्हा प्याली.

डब्याच्या पायरीवर तोक्तोसुन बसला होता. शेजारी उल्जान. कुणी दिवा लावला नव्हता.

"आता?" तोक्तोसुननं विचारलं.

"आता सकाळी माती तुडवायची. आतल्या भिंती राहिल्यात."

"ज्या घरात राहू की नाही ठाऊक नाही, त्याच्या?"

ती पायरीवर बसून पायाची माती खरवडू लागली. उल्जाननं तिच्याकडे पाहिलं नाही. मग ती अवघडत उठली, सकाळसाठी कापलेलं काड दवानं भिजू नये म्हणून त्यावर पोतं टाकलं, पोत्यावर दोन दगड ठेवले, आणि डब्यात शिरून दार लावून घेतलं.

खालून कुत्री भुंकायला लागली, आणि मग माणसांचे आवाज. पाणी गावापर्यंत पोचलं होतं.